जास्त गोड खाल्ल्याने अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकते का?

तुम्ही विचारलंय की रोज सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) रबडी, मग सकाळी अकरा वाजता हात थरथरतात, छाती धडधडते, तर अ‍ॅड्रिनल थकली का. नाही हो, थकत नाही. "अ‍ॅड्रिनल फटीग" नावाचा आजार हार्मोनचे डॉक्टर मानतच नाहीत, त्याच्या नावाने विकतात त्या गोळ्या कृपा करून घेऊ नका.

होतं असं की जिलेबीने शुगर पटकन चढते, इन्सुलिन जोरात सुटतं, आणि काही जणांची शुगर दोन-चार तासांनी झपकन खाली येते, मग किडनीच्या डोक्यावर बसलेली ही चार-पाच ग्रॅमची ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडते, लिव्हरमधली साठवलेली साखर बाहेर काढायला, तीच ती धडधड आणि घाम. म्हणजे ग्रंथी तिचं काम चोख करतेय. याच ग्रंथीचं दुसरं हार्मोन, कॉर्टिसोल, तेही त्यात मदत करतं, पण जरा सावकाश.

आमच्या इंदूरात जिलेबी सोडा म्हणणं मलाच जमणार नाही, पण रिकाम्या पोटी नको, आधी पोहे, सोबत शेंगदाणे किंवा दही घ्या, फरक पडतो. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमचे, ठेवली तर उत्तम म्हणतं.

त्रास होतो तेव्हाच ग्लुकोमीटरने शुगर बघा, 70 च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि वजन घटतंय, कातडी काळी पडतेय, मीठ खावंसं वाटतंय, उभं राहिलं की चक्कर येते, असं असेल तर थांबू नका, तो एडिसन नावाचा आजार असू शकतो, त्यात ही ग्रंथी खरंच पुरेसं हार्मोन बनवत नाही, सकाळचं कॉर्टिसोल तपासायला सांगतील.