निगेटिव्ह रक्तगट आणि आधीचा गर्भपात : आमचा इंदूरचा अनुभव

ताई, तुमचा रक्तगट ए निगेटिव्ह, यजमानांचा ओ पॉझिटिव्ह, दीड वर्षापूर्वी चौथ्या महिन्यात गर्भपात झाला तेव्हा एखादे इंजेक्शन दिले होते की नाही हे आठवत नाही, आता दहावा आठवडा चालू आहे आणि घरची मंडळी ‘पहिल्या बाळाला काही होत नाही’ असे म्हणत आहेत, हे वाचून मला आमचेच जुने दिवस आठवले. मी डॉक्टर नाही, एका मुलीचा बाप आहे. तेव्हा पुढचे सारे अनुभव म्हणूनच वाचावे आणि निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

आरएच, म्हणजे रक्तगटापुढचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा तांबड्या पेशींवरचा घटक, हे तुम्हाला सांगितलेले असणार, त्याच्या खोलात मी शिरत नाही. ‘पहिल्या बाळाला काही होत नाही’ हे वाक्य मात्र अर्धवट आहे. बाळाचे पॉझिटिव्ह रक्त आईच्या रक्तात मिसळले की तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती पुढच्या गर्भारपणात वारेतून बाळापर्यंत पोचून त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. हे मिसळणे प्रसूतीच्या वेळी होते, तसेच गर्भपातात आणि क्युरेटिंगमध्येही (गर्भाशय साफ करताना) होऊ शकते. घरचे लोक बाळे मोजतात, शरीर गर्भारपणे मोजते. त्या हिशोबाने तुमची ही दुसरी खेप आहे.

आमची चूक रक्तगटाच्या रकान्यात झाली. पत्नीच्या शाळेच्या जुन्या ओळखपत्रावर ‘बी पॉझिटिव्ह’ छापलेले होते. तेच वधू-वर परिचय पुस्तिकेत गेले आणि पुढे तेराव्या आठवड्यात रात्री अचानक रक्तस्राव होऊन आम्ही एका लहानशा नर्सिंग होममध्ये धावलो तेव्हा तिथल्या फॉर्मवरही मी स्वतःच्या हाताने तेच लिहिले. क्युरेटिंगपूर्वी रक्त घेऊन बाहेरच्या लॅबमध्ये पाठवले होते, पण दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघालेली, रस्ते बंद, लॅबलाही सुट्टी. संध्याकाळी डिस्चार्ज मिळाला आणि कार्डावर माझ्याच फॉर्मवरून उतरवलेला ‘बी पॉझिटिव्ह’ दिमाखात बसला. पत्नीला मी देवासला माहेरी पोचवले आणि लॅबची चिठ्ठी पाचव्या दिवशी आणली. तिच्यावर स्पष्ट ‘बी निगेटिव्ह’ होते. ती घेऊन नर्सिंग होममध्ये गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी उलगडूनही न पाहता ‘अगली बार ओपीडी में दिखा देना’ म्हणून परत केली. मीही ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये डिस्चार्ज कार्डाच्या मागे सरकवून दिली. दोन परस्परविरोधी कागद दोन वर्षे पाठीला पाठ लावून त्या फोल्डरमध्ये पडून होते.

आईच्या शरीरात ही प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शन प्रसूती किंवा गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत द्यावे असा नियम सगळे सांगतात आणि तो बरोबरच आहे. पण मुदत हुकली म्हणजे सारे संपले असे नसते, दहा दिवसांपर्यंत दिले तरी काही प्रमाणात संरक्षण मिळू शकते, हे मला फार उशिरा कळले. म्हणजे पाचव्या दिवशी मी त्या काउंटरपाशी उभा होतो तेव्हाही काहीतरी करता येण्याजोगे होते, याची रुखरुख अजून जात नाही. त्या बाईंवरचा राग ओसरला. पण ज्या ठिकाणी गर्भपाताची रुग्ण येते, तिथे रक्तगट रुग्णाच्या नवऱ्याच्या तोंडी माहितीवर लिहिला जावा आणि अहवाल आल्यावर तो कार्डाशी ताडून पाहणे हे कोणाचेच काम नसावे, याला मी आजही व्यवस्था म्हणणार नाही.

पुढच्या खेपेस नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत फोल्डर उघडले, दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि काही न बोलता इनडायरेक्ट कूम्ब्स, म्हणजे आयसीटी, ही आईच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का ते पाहणारी तपासणी लिहून दिली. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे प्रतिपिंडे तयार झालेली होती. एकदा प्रतिपिंडे तयार झाली की अँटी-डीचा उपयोग राहत नाही, ते इंजेक्शन प्रतिबंधासाठी आहे. मग पाचव्या महिन्यापासून वारंवार डॉप्लर सोनोग्राफी सुरू झाली. बाळाच्या अंगात रक्त कमी झाले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला प्रवाह वेग घेतो, तो वेग मोजतात. आमच्या नशिबाने गर्भातच रक्त देण्याची वेळ आली नाही. ३७ व्या आठवड्यात मुलगी जन्मली, पण पहिल्याच दिवशी पिवळी पडू लागली. निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवूनही बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, चढत राहिले, तेव्हा नाळेतून नळी घालून दहा-दहा मिलिलिटर रक्त काढत आणि तितकेच ओ निगेटिव्ह रक्त भरत तिचे रक्त बदलावे लागले. तेवढे रक्त मिळवण्यासाठी मी ज्या धावपळीतून गेलो ती इथे लिहीत नाही. आपल्याकडे निगेटिव्ह गटाचे लोक शंभरात पाचच्या आसपास, एवढे सांगितले तरी पुरे. कावीळ उतरली म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि सहाव्या आठवड्यात तिचे हिमोग्लोबिन पुन्हा घसरले. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही आठवडे टिकून राहतात, त्यामुळे घरी आल्यावरही तपासण्या चुकवू नयेत. आज ती ठणठणीत आहे आणि तीव्र काविळीचा कानांवर परिणाम होऊ शकतो म्हणून केलेली तिची श्रवणतपासणीही व्यवस्थित आली.

तुमच्या बाबतीत पहिले काम आयसीटीचे. ती निगेटिव्ह आली तर २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर पुन्हा, असे अँटी-डी साधारणपणे देतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात आधी तपासणीसाठी रक्त घ्यावे आणि मग इंजेक्शन, कारण इंजेक्शननंतर तपासणी काही काळ किंचित पॉझिटिव्ह येते आणि उगाच घबराट होते. मध्ये कधी रक्तस्राव झाला किंवा पोटावर आदळलात तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. औषध दवा बाजारातून आणायचे असेल तर बर्फाची पिशवी सोबत न्यावी, मे महिन्यात तर नक्कीच. यजमानांचा गटही पुन्हा तपासून घ्यावा, आठवणीतल्या गटावर माझा आता विश्वास उरलेला नाही.

कोणी या निमित्ताने ‘लग्नाआधी रक्तगट जुळवायला हवे होते’ असे म्हणाले तर दुर्लक्ष करावे. ज्यावर १९६८ पासून इंजेक्शन आहे, त्यासाठी चांगली स्थळे नाकारणे मला शुद्ध वेडेपणा वाटतो. तुमच्या जाऊबाईंच्या बाळाच्या काविळीचा उल्लेख तुम्ही केला आहे, ती बहुधा वेगळी असावी. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असले तर पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते, बहुतेक वेळा ती सौम्य असते आणि अँटी-डीशी तिचा संबंध नाही.

गर्भपाताच्या वेळचे कार्ड शोधून ठेवा. औषधांच्या यादीत ‘अँटी-डी’ किंवा ३०० मायक्रोग्रॅम असा उल्लेख दिसतो का ते पाहा, कधी कधी कुपीचे लेबलही कागदाच्या मागच्या बाजूला चिकटवलेले असते.