काउंटी क्रिकेटचा इतिहास: सुरुवात कुठून करावी?

काउंटी क्रिकेटचा इतिहास वाचायचाय? छान विषय निवडलात! फक्त अठराही काउंट्या (इंग्लंड-वेल्समधल्या परगण्यांचे संघ) एकदम हाती घेऊ नका. आधी एकच धरा, यॉर्कशायर. काउंटी चॅम्पियनशिप या स्पर्धेची सर्वाधिक विजेतेपदं त्यांचीच. वर्षानुवर्षं ते काउंटीत जन्मलेल्यांनाच खेळवायचे. १९९२ मध्ये त्यांचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून मैदानात उतरला तो आपला सचिन.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- १८९० हीच सुरुवात मानणं. ते अधिकृत चॅम्पियनशिपचं वर्ष. ससेक्सचा क्लब १८३९ चा.
- प्रथम श्रेणीचे (म्हणजे कसोटीसह वरच्या दर्जाच्या सगळ्या अनेक-दिवसीय सामन्यांचे) आकडे फक्त काउंटीचे समजणं. सरेच्या जॅक हॉब्जची शतकं कुठे १९७, कुठे १९९ दिसतील, कारण काही सामन्यांच्या दर्जावर एकमत नाही. शिवाय त्यात कसोटी शतकंही आली.

वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराच्या एका डावातल्या नाबाद ५०१ धावा मात्र निर्धास्त टिपा: वॉरिकशायरकडून, डरहॅमविरुद्ध, एजबॅस्टन, १९९४. गुणपद्धतीत सध्या शिरू नका.