अ‍ॅनोटेशन केल्यावर टेबलमध्ये गावाचं नाव बदललं, तरी नकाशावर जुनंच दिसतं. मजकूर फीचरला जोडलेला कसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्कजीआयएस प्रो या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठवाड्यातल्या गावांची लेबलं (टेबलमधून आपोआप उमटणारी नावं) अ‍ॅनोटेशनमध्ये (नकाशावर स्वतंत्र साठवलेल्या मजकुरात) बदलली, एकेक नाव हाताने सरकवून बसवलं, मग टेबलमधली नावं दुरुस्त केली आणि नकाशा ढिम्म हलला नाही. कारण तुम्ही केलंय ते साधं अ‍ॅनोटेशन. त्यात त्या घडीच्या मजकुराची नक्कल होते आणि मूळ लेअरशी, म्हणजे गावांच्या डेटाच्या थराशी, नातं तिथेच तुटतं. तुम्हाला हवंय ते फीचर-लिंक्ड अ‍ॅनोटेशन, म्हणजे फीचरला (इथे लेअरमधल्या एकेका गावाला) जोडलेलं. नाव बदललं की मजकूर बदलतो, फीचर डिलीट केलं की त्याचं नावही जातं.

आधी दोन गोष्टी बघून घ्या, नाहीतर पुढची मेहनत वाया जाईल. पहिली म्हणजे लायसन्स. जोडलेलं अ‍ॅनोटेशन बनवायला स्टँडर्ड किंवा अ‍ॅडव्हान्स्ड लागतं, बेसिकवर भागत नाही. दुसरी, शेपफाइल या साध्या फाइल-प्रकारावर हे होत नाही. गावांचा लेअर जिओडेटाबेसमध्ये (नकाशाचा डेटा ठेवायच्या डेटाबेसमध्ये) हवा आणि अ‍ॅनोटेशनही त्याच जिओडेटाबेसमध्ये जायला हवं. लेअर एखाद्या फीचर डेटासेटच्या (जिओडेटाबेसमधल्या लेअरच्या गटाच्या) आत असेल तर अ‍ॅनोटेशनही त्याच डेटासेटमध्ये.

शेपफाइलमधून डेटा आणताना मराठी नावं कापली गेली नाहीत ना, हे तपासाच. शेपफाइलच्या टेबलमध्ये रकान्याची रुंदी बाइटमध्ये मोजतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं धरून. ‘छत्रपती संभाजीनगर’ला ४९ बाइट लागतात. रकाना ४० चा असेल तर उरतं ‘छत्रपती संभाजी’. हे दिसायला अर्धवटही दिसत नाही, त्यामुळे छापून येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

आता कृती. लेअरची लेबलं चालू करा. फॉन्ट, आकार, रंग इथेच पक्के करा. मग नकाशाचा रेफरन्स स्केल ठरवा, म्हणजे ज्या प्रमाणाला अक्षरं ठरवलेल्या आकाराची दिसतील ते प्रमाण. घाई करायची नाही ती इथेच. अ‍ॅनोटेशनचा मजकूर जमिनीवर जागा अडवून बसतो. १:५०,००० ला कागदावर १ सेंमी लांबीचं नाव जमिनीवरचे ५०० मीटर व्यापतं आणि नकाशा १:२५,००० वर नेला की तेच नाव पडद्यावर दुप्पट मोठं दिसतं. तेव्हा ज्या स्केलला छापणार तोच स्केल द्या. दोन स्केलला छापायचं असेल तर दोन वेगळी अ‍ॅनोटेशन करा, एकाच लेअरला दोन्ही जोडता येतात.

मग ‘कन्व्हर्ट लेबल्स टू अ‍ॅनोटेशन’ हे टूल उघडा. कन्व्हर्शन स्केल तोच द्या, एक्स्टेंटमध्ये पूर्ण लेअर घ्या (फक्त पडद्यावरचा भाग घेतलात तर बाकीची गावं वगळली जातात) आणि ‘क्रिएट फीचर-लिंक्ड अ‍ॅनोटेशन’वर टिक करा. त्याखाली दोन टिका येतात. नवीन फीचर आलं की नवीन मजकूर बनवणारी मी चालू ठेवतो. आकार बदलला की मजकुराची जागा बदलणारी मात्र, नावं हाताने बसवायची असतील तर, बंद ठेवतो. शिवाराची हद्द जराशी दुरुस्त केली म्हणून नीट बसवलेलं नाव सॉफ्टवेअरने परत हलवावं, हे मला पटत नाही. गट नंबरांचं काम असतं, जिथे नंबर मधोमध असला की झालं, तर तीही चालू ठेवली असती.

‘अनप्लेस्ड’ मजकूरही बनवायला सांगा. दाटीमुळे जी नावं बसली नाहीत ती टेबलच्या स्टेटस रकान्यावरून गाळून काढता येतात आणि मग एकेकाला जागा देता येते.

आता खरी ग्यानबाची मेख. हे नातं गावाच्या नावावर किंवा कोडवर उभं नसतं, ऑब्जेक्टआयडीवर, म्हणजे सॉफ्टवेअरने प्रत्येक ओळीला दिलेल्या आकड्यावर, उभं असतं. अ‍ॅनोटेशनच्या टेबलमध्ये फीचरआयडी नावाचा रकाना दिसेल, त्यात हाच आकडा असतो. कुणी जुन्या ओळी पुसून सुधारित डेटा अपेंड केला, तर आकडे नवे पडतात. शिवाय ओळी पुसताना त्यांना जोडलेली नावंही पुसली जातात. म्हणून आधी डेटा पक्का करा, अ‍ॅनोटेशन सगळ्यात शेवटी. नंतर दुरुस्त्या आल्या तर त्या त्याच ओळींत एडिट करून घाला. तुमचं आत्ताचं साधं अ‍ॅनोटेशन जोडत बसण्यापेक्षा नवं करा आणि जुनं खाली फिकट रंगात ठेवून त्यावरून जागा जुळवा.

जोडणीकडून एका गोष्टीची अपेक्षा मात्र ठेवू नका. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. टेबलमध्ये नाव बदललं की नकाशावर बदलेल, पण ‘औरंगाबाद’साठी मोकळी ठेवलेली जागा नव्या नावाला पुरेलच असं नाही. ते शेजारच्या गावावर किंवा रस्त्यावर चढेल. लांबी बदललेली नावं डोळ्यांखालून घालावीच लागतात.

लायसन्स नसेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, त्यात ही भानगड बरीच सोपी आहे. तिथे लेबल कायम टेबलमधूनच वाचलं जातं आणि ‘मूव्ह लेबल’ने सरकवलेली जागा फक्त वेगळी साठवली जाते. आवृत्ती ३.० पासून त्याला ऑक्झिलरी स्टोरेज म्हणतात. पहिल्यांदा लेबल हलवताना ते एक युनिक रकाना विचारतं. तिथे ओळीचा अनुक्रमांक न देता २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गाव कोड द्या, म्हणजे डेटा बदलून आणला तरी जागा टिकतात. अक्षरांचा आकार पॉइंटऐवजी मॅप युनिटमध्ये दिलात की रेफरन्स स्केलचंही काम होतं. फक्त या जागा प्रोजेक्टच्या क्यूजीझेड फाइलमध्ये राहतात, त्यामुळे दुसऱ्याला नुसता लेअर पाठवलात तर त्याच्याकडे नावं पुन्हा विस्कटलेलीच दिसतील. प्रोजेक्टसकट पाठवा.