घरी केलेला साल्सा फ्रीजबाहेर वर्षभर टिकतो का?

तुम्ही विचारलंय की टोमॅटो स्वस्त असताना साल्सा, म्हणजे टोमॅटो-कांदा-मिरचीची मेक्सिकन चटणी, करून बाटल्यांत भरला तर वर्षभर टिकेल का, आणि लोणच्यासारखं वर तेल ओतलं तर चालेल का. टिकतो. तेल ओतू नका. तेलाचं हे वाक्य मी २०२१ पासून ऐकतेय, म्हणून आमच्या घरी काय झालं ते आधी सांगते.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये भाव इतके पडले की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. भाऊ पिंपळगावच्या बाजारात गाडी घेऊन गेला, तर खुडणीची मजुरी आणि भाडंसुद्धा निघेना. परत येताना चार कॅरेट, म्हणजे ८० किलो माल, आमच्या पंचवटीतल्या घरी उतरवला आणि चहा न घेताच गेला. टोमॅटो टणक, लालभडक, एकालाही डाग नाही.

अमेरिकेत साल्सा घरीही बाटलीबंद करतात, आणि त्यासाठी तपासून दिलेल्या कृती तिथे मिळतात. मुलगी तिकडेच होती, तिने एक पाठवली. सोलून, बिया काढून चिरलेले सहा कप टोमॅटो, कांदा आणि मिरची मिळून नऊ कप, बाटलीतला लिंबूरस दीड कप, मीठ तीन चहाचे चमचे. कप २४० मिलीचा. त्यातला लिंबूरस चवीसाठी नाही. टोमॅटो जिभेला आंबट लागतो, पण त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपासच असतो, आणि कांदा, मिरची, लसूण तो आणखी वर नेतात. ४.६ च्या वर गेलं की बंद बाटलीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला रान मोकळं. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याचं झोपलेलं, चिवट रूप, उकळत्या पाण्यात मरत नाहीत. आंबटपणा त्यांना रुजू देत नाही, म्हणून सगळं त्याच्यावर.

मी मापाने केलं. थोरल्या जाऊबाईंनी शेजारच्या शेगडीवर आपलं वेगळं पातेलं चढवलं. कांदा दुप्पट, लसणाचे दोन गड्डे, पाच-सहा लिंबं पिळली आणि बाटल्या भरून वर दोन बोटं तेल. बाटल्या पाण्यात उकळायला साफ नकार. म्हणाल्या, "आमचं कैरीचं लोणचं कधी उकळलं होतं?" अहो, कैरी मुळात आंबट, त्यात मूठमूठ मीठ. लोणचं त्या दोघांमुळे टिकतं. तेल फक्त हवा अडवतं, आणि या जिवाणूला हवा नकोच असते.

माझ्या अठरा बाटल्या उकळून पंचावर मांडल्या. निवत आल्या तशी एकेक झाकण टक् करून आत बसलं. अठराही टक् मी ओट्याशी उभी राहून मोजले.

गणपती उठल्यावर फडताळ उघडलं. जाऊबाईंच्या झाकणांना फुगवटा, तेलातून बुडबुडे वर येताहेत, खालच्या वर्तमानपत्रावर तांबडा ओघळ. सगळं फेकलं. ते फेकलं याचं मला काही नाही. पण भाऊबीजेला भाऊ पाटावर बसला असताना त्या म्हणाल्या, "टोमॅटोच पाणचट होता, पडेल भावाचा माल." भाऊ खाली मान घालून जेवला. त्याच कॅरेटमधला, त्याच विळीवर चिरलेला माझा साल्सा आम्ही पुढच्या जूनपर्यंत खाल्ला. माल खणखणीत होता. चुकलं ते माप.

तर तुम्ही कांदा-मिरची कमी केलीत तर चालेल, वाढवू नका. हालापेन्यो या मेक्सिकन मिरचीऐवजी आपली हिरवी मिरची घाला, पण एकूण माप तेच. जिरं, मीठ आवडीप्रमाणे. घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअर घालायचं तर बाटली उघडल्यावर, नाहीतर उष्णता आतपर्यंत पोचत नाही. मिश्रण उकळून तीन मिनिटं शिजवा, गरम असतानाच अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरा, वर अर्धा इंच जागा सोडा. झाकणं नवी. जॅमच्या बाटलीचं जुनं झाकण वापरणं हा कंजूषपणा आहे.

बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून, पाणी खळखळल्यापासून २० मिनिटं. परदेशी कृतीत १५ लिहिलेली असतात, ती १००० फुटांपर्यंतच्या गावांसाठी. नाशिक १९०० फुटांच्या आसपास आहे, इथे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं.

साध्या कुकरमध्ये शिट्ट्या काढून हे काम करू नका. तो लवकर तापतो, लवकर निवतो, त्याच्यासाठी तपासलेलं वेळापत्रक नाही.

एक राहिलंच. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, म्हणून रस बाटलीतलाच, आणि सरबताचं सिरप नव्हे, निव्वळ रस. कृतीत व्हिनेगर असेल तर ५ टक्क्यांचं लागतं. आपल्याकडे बरंचसं ४ टक्क्यांचं मिळतं, लेबल वाचा. बाटली फुगली नाही म्हणजे चांगली, असंही नाही. बॉट्युलिझमच्या विषाला वास असेलच असं नसतं, त्यामुळे शंका आली तर चाखून बघायचं नाही, टाकायचं. दीड कप रस तुम्हाला फार आंबट वाटेल. मग थोडी साखर घाला, रस कमी करू नका. तेही नको असेल तर डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे यातलं एकही माप लागत नाही, लसूण हवा तेवढा घाला.