अमेरिकेतील प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीच्या) सुरुवातीच्या जनमत चाचण्या मागे असलेल्या उमेदवारांना न्याय देतात का?

माझ्या मते, देत नाहीत. मतदानाला सहा-आठ महिने असताना घेतलेल्या राष्ट्रीय चाचण्या पाठिंब्यापेक्षा नावाची ओळखच अधिक मोजतात. २००७ मध्ये बहुतांश काळ रिपब्लिकन चाचण्यांत आघाडीवर असलेले रुडी जुलियानी जानेवारी २००८ च्या अखेरीस, फ्लोरिडातील पराभवानंतर, शर्यतीतून बाहेर पडले. याउलट, २०११ मध्ये जवळजवळ वर्षभर तळाशी राहिलेल्या रिक सँटोरम यांनी आयोवा राज्यात गावोगावी फिरून प्रचार केला आणि ३ जानेवारी २०१२ च्या कॉकसमध्ये (पक्षाच्या मतदारांच्या स्थानिक मतदान-सभांमध्ये), अंतिम मोजणीनुसार, मिट रॉम्नी यांना ३४ मतांनी मागे टाकले.

अर्थात ऑगस्ट २०१५ मध्ये आघाडीवर असलेले डोनाल्ड ट्रम्प पुढे रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार झालेच, त्यामुळे या चाचण्या निरर्थक म्हणता येणार नाहीत. खरा अन्याय त्यांचे आकडे प्रवेशपत्रासारखे वापरले जातात तेव्हा होतो. त्याच महिन्यातील फॉक्स न्यूजच्या मुख्य वादसभेत चाचण्यांच्या सरासरीनुसार पहिल्या दहांनाच स्थान मिळाले. दहावे जॉन केसिक आणि अकरावे रिक पेरी यांच्यातील फरक नमुन्याच्या संभाव्य त्रुटीपेक्षाही (मोजक्याच लोकांना विचारल्याने आकड्यात येऊ शकणाऱ्या चुकीपेक्षाही) लहान होता. तरीही केसिक मुख्य मंचावर गेले, पेरींना संध्याकाळच्या दुय्यम सभेत बसावे लागले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी माघार घेतली. केसिक मात्र न्यू हॅम्पशायर राज्याच्या प्रायमरीत दुसरे आले.

म्हणून राष्ट्रीय टक्केवारीऐवजी, उमेदवाराला ओळखणाऱ्या मतदारांपैकी किती जणांचे त्याच्याविषयी अनुकूल मत आहे, हा आकडा आधी पाहावा.