'उत्तर-उपचार' की नुसता 'संस्कार'?

एका वाचकाने विचारलंय : विज्ञानलेखाला 'कार्बन-आधारित पेरोव्हस्काइट सौरघटांच्या कार्यक्षमतेवरील उत्तर-उपचारांचा परिणाम' असं शीर्षक दिलंय, पण 'उत्तर-उपचार' खटकतो. पोस्ट-ट्रीटमेंटला दुसरा शब्द आहे का?

खटकणारच. 'उत्तर' म्हणजे नंतरचा हे खरं. उत्तरार्ध, उत्तरपूजा आपण म्हणतोच. पण शेजारीच उत्तरक्रिया उभी आहे. 'पश्चात' घ्यावा तर तो निधनवार्तेत 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले' असा अडकलेला. आणि उपचार करायचे ते आजाऱ्यावर. एकूण काय, घट आजारी पडला आणि गेला!

आधी प्रत्यक्षात काय करतात ते बघू. पेरोव्हस्काइट म्हणजे घटात प्रकाश शोषून घेणारा स्फटिकी पदार्थ. या घटांच्या एका प्रकारात काचेवर टायटॅनियम डायऑक्साइड, झिर्कोनियम डायऑक्साइड आणि सगळ्यात वर काळाकुट्ट कार्बन असे तीन सच्छिद्र थर छापून भट्टीत पक्के करतात. वीज बाहेर नेणाऱ्या थरासाठी एरवी वापरतात त्या सोन्याची जागा कार्बन घेतो, त्यामुळे खर्च वाचतो. पेरोव्हस्काइटचं द्रावण येतं शेवटी. कार्बनवर थेंब सोडला की तो खालपर्यंत जिरतो, मग तापवलं की छिद्रांत स्फटिक धरतात. ते नेहमी नीट धरतातच असं नाही. म्हणून काही प्रयोगशाळांनी तयार घट ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवून पाहिले. पाणी म्हणजे पेरोव्हस्काइटचा वैरी. पण मोजूनमापून दिलेल्या ओलाव्याने आतले स्फटिक पुन्हा नव्याने, जास्त नेटके धरतात आणि घट सुधारतो.

मला इथे गवंडी आठवतो. स्लॅब ओतला की तो घरी जातो, पण 'रोज पाणी मारा' असं बजावून. कल्हईवाला तयार पातेल्याला कल्हई करतो, लोहार घडवलेल्या विळ्याला पाणी देतो. ही सगळी पोस्ट-ट्रीटमेंटच, पण यातल्या एकाही शब्दात 'नंतर' नाही. मराठी कृतीचं नाव घेते. क्रम ऐकणाऱ्याला कळतो.

म्हणून 'पोस्ट' सोडून द्यावा. ट्रीटमेंटला 'संस्कार' घ्या. आयुर्वेदात द्रव्यात वेगळा गुण आणण्याला संस्कारच म्हणतात, आणि धातूंच्या संदर्भात 'उष्णता संस्करण' रुळलेलं आहे. (अंत्यसंस्कारही आहे, मान्य. पण नामकरणही संस्कारच.) 'प्रक्रिया' चुकीचा नाही, फक्त घट बनवणं हीसुद्धा प्रक्रियाच, त्यामुळे घोळ होतो. लेखात मात्र शक्य तिथे 'तापवला', 'दमट हवेत ठेवला' असं सरळ लिहा. तापवण्याला 'अनुशीतन' (अ‍ॅनीलिंगचा पारिभाषिक प्रतिशब्द) लिहायचा मोह टाळा. त्यात सगळा भर निववण्यावर आहे, आणि इथे काम होतं ते तापवण्याने.

जाता जाता, न विचारलेली एक दुरुस्ती. मूळ शब्द परफॉर्मन्स असेल तर 'कार्यक्षमता' तोकडा पडतो. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका या शास्त्रज्ञांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या पेरोव्हस्काइट घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. पण त्यातला पेरोव्हस्काइट आतल्याच द्रवात विरघळून जायचा, हे त्या आकड्यात कुठे दिसतं? टिकाऊपणाही धरायचा तर 'कामगिरी' म्हणा.

मी शीर्षक असं दिलं असतं : 'कार्बनवाल्या पेरोव्हस्काइट सौरघटांची कामगिरी कोणत्या संस्कारांनी सुधारते?'