क्रोटनच्या एकाच झाडावर हिरवी, पिवळी आणि लाल पानं कशी? आणि त्याला फुलं का येत नाहीत?

तुमच्या सोसायटीतल्या झाडावर कलम केलंय का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नाही. पुण्याजवळच्या उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांत काय किंवा इतरत्र काय, क्रोटन सहसा छाट (फांदीचा तुकडा) लावून नाहीतर गुटी बांधून (झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवून) वाढवतात. त्यात दुसऱ्या झाडाचा जोड नसतो.

एकच फांदी शेंड्याकडून खाली बघत या. बऱ्याच जातींत शेंड्याची कोवळी पानं हिरवी, पिवळ्या शिरांची असतात. त्याखालची केशरी, मग लाल, आणि पार बुडाशी काळपट किरमिजी. पान जून होताना त्यातलं हरितद्रव्य कमी होतं, अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य वाढतं. म्हणजे रंग जातीवर आहेच, पण पानाच्या वयावरही आहे. शिवाय उन्हावर. इमारतीच्या सावलीतलं तेच झाड हिरवटच राहतं. मात्र अख्खी एक फांदीच वेगळ्या रंगाची असेल, तर तो फांदीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, आपोआप झालेला बदल. क्रोटनच्या कितीतरी जाती अशाच फांद्यांपासून निघाल्या आहेत. निव्वळ हिरवी फांदी निघाली तर ती बुडातून कापा, नाहीतर जोमाने वाढून रंगीत फांद्यांना दडपते.

पानाच्या आकाराचं तर विचारूच नका. रुंद, पट्टीसारखं, पीळ पडलेलं, तीन खंडांचं, सगळी एकाच प्रजातीची सोंगं. मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो तुटक पानाचा प्रकार: पातं मध्येच संपतं, नुसती मधली शीर दोऱ्यासारखी पुढे जाते आणि तिच्या टोकाला पुन्हा एक छोटं पातं लोंबतं. किडीने खाल्लंय समजून लोक औषध फवारतात!

फुलं येतात हो, फक्त कोणी बघत नाही. पानांच्या बेचक्यातून बारीक तुरे निघतात, कधी ३० सेंमीपर्यंत. नर-मादी फुलं एकाच झाडावर, पण तुरे वेगळे. नर फूल पांढरं, पुंकेसरांचा झुबका. मादी फूल पिवळसर, बिनपाकळ्यांचं. फळ तीन कप्प्यांचं, कारण कूळ एरंडाचं. माळी कुंपण म्हणून सारखी कात्री चालवत असेल तर तुरे दिसण्याआधीच उडतात.

मूळ घर मलेशिया, इंडोनेशियापासून पॅसिफिक बेटांपर्यंत, त्यामुळे थंडी सोसत नाही. पुण्यात जानेवारीत पारा १० अंशांखाली गेला की पानं गळू शकतात. मेलं म्हणून लगेच उपटू नका, आधी साल नखाने खरवडून आत हिरवी आहे का बघा. चीक मात्र विषारी. अंगाला लागला तर काहींना खाज सुटते, पोटात गेला तर त्रास होतो. छाटताना हातमोजे घाला, आणि कपडे जुने, कारण त्याचे डाग जात नाहीत.